नियम, हक्क आणि जबाबदारी : पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी एक पाठविचार

लगोरीचा डाव मांडण्यापूर्वी मुले जो वाद घालतात, तो एखाद्या शिक्षकाने थोडे दूर उभे राहून ऐकला तर नागरिकशास्त्राचा निम्मा पाठ त्याला तेथेच सापडेल. चेंडू कोठून मारावयाचा, कुंपणापलीकडे गेलेला चेंडू कोणी आणावयाचा, हे सारे आधी ठरते. ठरल्यावाचून डाव सुरू होत नाही. लपंडावात ज्याच्यावर राज्य येते त्याला ते घ्यावेच लागते. एखाद्याचे धाकटे भावंड मागे लागून आलेले असले तर त्याला 'कच्चे लिंबू' म्हणून खेळात घेतात. ते खेळते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. कोणाच्या पायात काटा मोडला तर तो 'टाइम प्लीज' म्हणतो आणि डाव थांबतो. हरण्याची वेळ येताच जो नियम फिरवू पाहतो, त्याचा डाव 'रडीचा' ठरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला खेळावयास बोलावताना मुले कां-कूं करतात. या एवढ्याशा व्यवहारात नियम आहे, दुर्बलाला दिलेले संरक्षण आहे, अडचणीत थांबण्याचा हक्क आहे, पाळीने अंगावर येणारी जबाबदारी आहे, आणि ती टाळणाऱ्याविषयी नापसंतीही आहे. यांपैकी काहीही शाळेने शिकवलेले नसते.

हीच मुले घंटा होऊन वर्गात आली की 'हक्क', 'कर्तव्य', 'शिस्त' हे शब्द पाठ करू लागतात आणि मैदानावर जे त्यांना सहज कळत होते तेच वर्गात अनोळखी होते. गोव्यातील मुलाची अडचण तर दुहेरी असते. घरी ते कोकणी बोलते, पुस्तकात मराठी वाचते, आणि 'कर्तव्यपालन' हा शब्द त्याच्या कानांवरून कधी गेलेलाच नसतो. बेळगावच्या वा इंदूरच्या मराठी शाळेतील मुलालाही हा शब्द तितकाच दूरचा वाटतो. खेळांतले शब्द गावोगाव बदलतात हे खरे. 'कच्चे लिंबू' एका गावी ज्या नावाने चालते त्याच नावाने दुसऱ्या गावी चालेल असे नाही. शिक्षकाने आपल्या गावचा शब्द मुलांच्याच तोंडून काढून घ्यावा आणि पाठ तेथून सुरू करावा.

नियम कोणी केला?

स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक विचारांवर लिहिलेला ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभ गोट्यांच्या खेळापासून होतो, ही गोष्ट आपल्या शिक्षकांना जवळची वाटावी. पियाजे मुलांना खेळाचे नियम विचारीत, आणि मग 'हे नियम बदलता येतील का?' असा प्रश्न टाकीत. लहान मुलांचे म्हणणे असे की, नियम वडीलधाऱ्यांनी घालून दिलेले आहेत, देवाने घालून दिलेले आहेत, ते बदलावयाचे नसतात. परंतु प्रत्यक्ष खेळताना हीच मुले आपापल्या मनाला येईल तसे खेळत, आणि डाव संपल्यावर दोघेही आपण जिंकलो असे सांगत. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मात्र हे उमगलेले असे की, नियम आपण सर्वांनी मिळून मान्य केलेले आहेत आणि सर्वांची संमती असेल तर ते बदलताही येतात. नियम कसोशीने पाळणारी मुले तीच होती.

नियम अढळ आणि पवित्र मानणारे मूल तो पाळीत नाही, आणि तो माणसांनी केलेला आहे हे जाणणारे मूल पाळते, हा विरोधाभास प्रत्येक मुख्याध्यापकाने मनन करावा असा आहे. शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवलेल्या सुबक नियमावलीचा परिणाम इतका थोडा का होतो, याचे उत्तर त्यात आहे. पियाजे यांनी सांगितलेल्या वयोमर्यादांना पुढील अभ्यासकांनी मुरड घातली. दुसऱ्याला मारणे आणि गणवेश न घालणे या दोन्ही गोष्टींना शाळेत मनाई असली तरी त्या एका जातीच्या नव्हेत, हे बालवाडीच्या वयातील मुलांनाही जाणवते असे आढळून आले आहे. 'बाईंनी परवानगी दिली तर गणवेशाशिवाय यावे का?' असे विचारल्यास मूल 'हो' म्हणते. 'बाईंनी परवानगी दिली तर सोबत्याला मारावे का?' असे विचारल्यास ते 'नाही' म्हणते. हे दोन प्रश्न कोणत्याही वर्गात पाच मिनिटांत विचारून पाहता येतील. काही नियम सोयीसाठी असतात व काही कोणाला इजा होऊ नये म्हणून असतात, ही फोड मुलांच्याच उत्तरांतून निघते.

माठाचा पाठ

समजा, दुसरीच्या वर्गात कोपऱ्यात पाण्याचा माठ आहे. मधल्या सुटीत तेथे ढकलाढकली होते, ओगराळे जमिनीवर ठेवले जाते, पाणी सांडते, एखादे मूल घसरून पडते. शिक्षकाने नियम सांगू नये. 'काल माठापाशी काय काय झाले?' एवढेच विचारावे आणि मुले सांगतील ते फळ्यावर लिहीत जावे. मग 'असे होऊ नये म्हणून काय करावे?' असे विचारावे.

पहिली उत्तरे बहुधा निषेधाची व शिक्षेची येतात. ढकलायचे नाही. सांडायचे नाही. सांडणाऱ्याला उठाबशा. लहान मुले न्यायाधीश म्हणून मोठी कठोर असतात, आणि घाईत असलेला शिक्षक येथेच समाधान मानून फळा पुसतो. खरा पाठ यापुढे आहे. हटकून कोणी तरी म्हणते, 'जो ढकलेल त्याला पाणी द्यायचे नाही.' हे वाक्य आले की शिक्षकाने खडू खाली ठेवावा आणि विचारावे, 'त्याला तहान लागली तर?'

वर्ग क्षणभर गप्प होतो. 'त्याने शेवटी प्यावे,' असे कोणी म्हणते. 'पण द्यायचे,' असे आणखी कोणी पुस्ती जोडते. पाणी शेवटी द्यावयाचे, पण द्यावयाचे, हा निर्णय मुलांनी आपला आपण घेतला की 'हक्क' हा शब्द फळ्यावर लिहिण्याची वेळ झाली. नियम पाळी ठरवू शकतो, पाळी मागे ढकलू शकतो. पाणी बंद करू शकत नाही. व्याख्या नंतर सावकाश येईल.

मुलांनी केलेले नियम तीन-चारांपेक्षा अधिक असू नयेत आणि ते शक्यतो काय करावे या रूपात असावेत. 'ओगराळे जमिनीवर ठेवू नये' याऐवजी 'ओगराळे खुंटीला अडकवावे' असे लिहिले तर मुलाच्या हाताला काम मिळते. मग खुंटी मुलांच्या हाताला पोचते की नाही, हेही पाहावे लागते. पुष्कळ नियम मुलांच्या अवज्ञेमुळे मोडत नाहीत, उंच ठोकलेल्या खुंटीमुळे मोडतात.

हक्क अटीवर मिळतो का?

'हक्क आणि कर्तव्ये या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत' हे वाक्य पिढ्यान् पिढ्या घोकले गेले आहे. मोठ्या माणसांनी समाजव्यवस्थेविषयी ते म्हटले तर त्यात तथ्य आहे. परंतु सात वर्षांच्या मुलाला त्यातून जे कळते ते असे : कर्तव्य केले तर हक्क, नाही तर नाही. आणि दुर्दैवाने शाळेचा रोजचा व्यवहार पुष्कळदा या समजुतीला दुजोराच देतो. गृहपाठ न केलेल्या मुलाचा खेळाचा तास काढून घेतला जातो. उशिरा आलेल्या मुलीला वर्गाबाहेर उभे केले जाते आणि तिचा गणिताचा तास बुडतो. 'दंगा केलास, आज पंगतीत बसायचे नाही' ही धमकीही काही ठिकाणी ऐकू येते.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तरी या गोष्टी टिकत नाहीत. घटनेत मूलभूत कर्तव्यांचा समावेश १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने झाला. मूलभूत हक्क त्यापूर्वीपासून, १९५० पासून, अस्तित्वात होते आणि कर्तव्ये पार पाडण्याची अट त्यांना जोडलेली नाही. शाळेतील शिजवलेल्या अन्नाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी राज्यांना आदेश दिला, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांचा त्या जेवणावरील हक्क लिहून ठेवला. ते जेवण हे बक्षीस नव्हे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाई केली आहे. गोव्यात त्याआधीच, २००३ मध्ये, बालकांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला होता.

शिक्षणहक्काचा इतिहास मुलांना गोष्टीसारखा सांगता येतो, आणि त्याचा उगम मराठी माणसाच्या ओळखीच्या प्रदेशात आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानास लागू केला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास त्या वेळी दंड होई. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये तशाच स्वरूपाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि तदनुसार केलेला कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

या वाटचालीत एक गोष्ट बदलली, आणि चौथीच्या मुलांना ती नेमकी दाखवता येईल. बडोद्याचा नियम पालकाला उद्देशून होता : मुलाला पाठव, नाही तर दंड भर. आजचा कायदा मुलाच्या नावे हक्क लिहितो आणि तो पुरा करण्याचे काम शासनावर टाकतो. पालकाचे कर्तव्यही त्याच दुरुस्तीने घटनेत लिहिले गेले. मुलाने शाळेत येऊन काय करावे, याची अट मात्र कोठेही घातलेली नाही. हक्क एकाचा असतो आणि त्याबद्दलची जबाबदारी बहुधा दुसऱ्याची असते. तान्ह्या मुलाला दुधाचा हक्क आहे. त्याबदल्यात ते काय देते? हे एक उदाहरण नाण्याचे रूपक बाजूला सारण्यास पुरेसे आहे.

येथे एक शंका रास्तपणे घेतली जाते : हक्कांवर इतका भर दिला तर मुले डोक्यावर बसणार नाहीत काय? वर्गातील अनुभव विचारात घेतला तर भीती निराळीच दिसते. ज्याला आपला हक्क केव्हाही काढून घेतला जाईल असे वाटते ते मूल दुसऱ्याच्या हक्काचा विचार करीत नाही. ते माठापाशी सर्वांत आधी धावते. पाणी मिळणारच अशी खात्री असलेले मूल रांगेत उभे राहते. तथापि 'मला आइस्क्रीम हवे, तो माझा हक्क' असे म्हणणारी मुलेही भेटतातच. हवेसे वाटणे आणि गरज असणे यांतील भेद चित्रांच्या साहाय्याने शिकवावा. पाणी, जेवण, औषध, शाळा, खेळ, पतंग, मिठाई, घड्याळ यांची चित्रे मुलांनी दोन ढिगांत लावावीत. 'खेळ' कोणत्या ढिगात जातो यावर वाद झाल्यास तो चालू द्यावा. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या आणि भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्क करारात खेळ हा हक्क म्हणून लिहिलेला आहे, हे मुलांना वादाच्या शेवटी सांगितले तर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

बांध आणि मानस

'जबाबदारी' या शब्दातच 'जबाब' आहे. जो उत्तर देण्यास बांधलेला आहे तो जबाबदार. वर्गातील मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहितो तेव्हा त्याला अधिकार मिळतो, जबाबदारी मिळत नाही. त्याला कोणी जाब विचारीत नाही. त्यापेक्षा माठ भरणे, रोपांना पाणी घालणे, खिडक्या लावणे अशी कामे आठवड्याच्या पाळीने सर्वांना द्यावीत, हुशार आणि मागे पडणाऱ्या दोघांनाही. काम राहिले तर 'का राहिले?' एवढेच विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. लहान मूल चूक मोजते ती नुकसानीवरून : चुकून पंधरा कप फोडणारा मुलगा चोरून खाताना एक कप फोडणाऱ्यापेक्षा वाईट ठरतो. हेही निरीक्षण पियाजे यांचेच. हेतू विचारला जातो हे रोज दिसल्यानेच मूल हेतूचा विचार करू लागते.

सामाईक जबाबदारीचे उत्तम उदाहरण गोव्यातील मुलांना गावातच मिळते. मांडवी व जुवारी या नद्यांच्या खाड्यांलगतची खाजन शेती मातीच्या बांधांवर उभी आहे. भरतीचे खारे पाणी बांध अडवतो. बांधातल्या मानशीची दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात. बांध एका ठिकाणी फुटला तर पाणी सर्वांच्या शेतात शिरते आणि जमीन पुन्हा पिकाखाली यावयास काही हंगाम जातात. म्हणून बांधाची निगराणी कोणा एकाची राहिली नाही. पूर्वी ती गावकऱ्या पाहत. या गावसंस्थांच्या रूढी पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेक्सिया यांनी १५२६ मध्ये लेखनिविष्ट केल्या. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघांकडे आले.

दुसरी-तिसरीच्या मुलांना हे एका परातीत दाखवता येते. परातीत ओल्या वाळूचा बांध घालावा, आत प्रत्येक मुलाच्या नावाचे एकेक काडीचे शेत आखावे, बाहेर पाणी ओतावे आणि एका मुलाला बांधाला बोटाने भोक पाडावयास सांगावे. 'भोक कोणाच्या शेतासमोर पडले?' आणि 'पाणी कोणाच्या शेतात गेले?' हे दोन प्रश्न पुरेत. प्रत्यक्ष बांधावर सहल न्यावयाची असेल तर ती ओहोटीच्या वेळी, पालकांना बरोबर घेऊन न्यावी. मानशीपाशी पाण्याला ओढ फार असते.

मात्र जुने ते सारे आदर्श, अशी समजूत मुलांची करून देऊ नये. गावकरीत वाटा मिळे तो मूळ गावकऱ्यांच्या घराण्यांतील पुरुषांना. बायकांना आणि बाहेरून येऊन वसलेल्यांना निर्णयात स्थान नव्हते, जरी चिखलात त्यांचेही पाय असत. 'हा नियम करताना कोणाला विचारले नव्हते?' हा प्रश्न चौथीच्या मुलांना झेपतो. तो त्यांनी आपल्या वर्गातील नियमांनाही लावून पाहावा. माठाचे नियम ठरवताना त्या दिवशी गैरहजर असलेली मुले, हळू चालणारे मूल, मराठी नीटशी न येणारे नवे मूल, यांना कोणी विचारले होते?

शिक्षक नियमाखाली

पोलंडमधील बालवैद्य व शिक्षक यानुश कोर्चाक यांनी वॉर्सा येथील आपल्या अनाथगृहात मुलांचे न्यायालय चालवले. ते अनाथगृह १९१२ मध्ये सुरू झाले होते. न्यायाधीश मुलेच असत, आणि न्यायालयाच्या संहितेतील बहुतेक कलमे क्षमा करण्याची होती. सहा महिन्यांत पाच वेळा स्वतः कोर्चाक त्या न्यायालयापुढे उभे राहिले. एकदा एका मुलाच्या कानशिलात मारली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी त्यांना त्यांच्या मुलांसह ट्रेब्लिंका येथे नेऊन मारले. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार व्हावा ही सूचना १९७८ मध्ये पोलंडनेच मांडली होती.

वर्गात न्यायालय भरवण्याची गरज नाही. तसे केल्यास मुले एकमेकांच्या चुका हुडकू लागण्याचा संभव अधिक. परंतु मुलांनी केलेला नियम शिक्षकास लागू असावा, एवढे तरी त्यातून घेता येईल. 'दुसरा बोलत असता मध्ये बोलू नये' असे वर्गाने ठरवले असेल आणि शिक्षकानेच एखाद्या मुलीचे बोलणे तोडले, तर एखादा धीट मुलगा फलकाकडे बोट दाखवील. तो क्षण अवघड असतो. शिक्षकाने 'चुकले, तू बोल' एवढे म्हणून तिचे बोलणे पुरे होऊ द्यावे.

या साऱ्यास तास कोठून आणावयाचे, असे विचारले जाईल. वर्षारंभी परिसर अभ्यासाचे दोन तास आणि पुढे महिन्यातून पंधरा मिनिटे, याहून अधिक वेळ लागत नाही. लेखी परीक्षा घेऊ नये; माठापाशी मधल्या सुटीत काय चालते ते शिक्षकाने आठवड्यातून एकदा पाहावे आणि आपल्या टिपणवहीत दोन ओळी लिहाव्यात. पालकसभेत नियमांचा फलक मुलांनीच वाचून दाखवावा. दिवाळीच्या सुटीनंतर तो पुन्हा वाचावा, जो नियम कोणाच्याच उपयोगी पडला नाही तो मुलांना विचारून पुसावा, आणि नवीन आलेल्या मुलांना काही सुचवावयाचे असल्यास त्यांच्यासाठी फलकाची खालची जागा मोकळी ठेवावी.